डोलोमाइट मॅट ग्लेझ: चमच्याच्या रेघा, चहाचे डाग. तापमान वाढवू की रेसिपी बदलू?

चाकावरची

रोजच्या वापरातल्या ताटल्या आणि मगांसाठी पांढरं मॅट ग्लेझ (भांड्यावर भाजून बसवलेला काचेचा, पण चमक नसलेला थर) हवंय. सगळीकडे फिरणारी ही रेसिपी वापरतेय:

पोटॅश फेल्स्पार ४९
चायना क्ले २५
डोलोमाइट २२
व्हायटिंग (खडूची भुकटी) ४
वरून झिरकॉन १० (पांढरेपणासाठी)

इलेक्ट्रिक भट्टी. बिस्क (ग्लेझ लावण्याआधीचं पहिलं भाजणं) १००० अंशांना, ग्लेझ फायरिंग १२२० ला, वर १० मिनिटं होल्ड आणि मग सरळ बंद. माती स्टोनवेअर, विकणाऱ्याने १२०० ते १२४० ची सांगितलेली.

दिसायला सुरेख पांढरं येतं, तक्रार वापरताना आहे. हात फिरवला की खडूसारखं लागतं. काटा-चमचा फिरला की करड्या रेघा उठतात आणि घासून जात नाहीत. मगात चहाचं वर्तुळ राहतं, हळद तर बसली की बसलीच. कपाच्या कानापाशी, जिथे थर जाड बसतो, तिथे ग्लेझ मागे सरकून माती उघडी पडते. लिंबाची फोड रात्रभर ठेवली तर तेवढा भाग अजून खरखरीत झाला.

तापमान वाढवू? वरून पारदर्शक ग्लेझचा पातळ हात मारला तर चालेल? आणि मुळात मॅट ग्लेझ जेवणाच्या भांड्यांना लावावं का?

भट्टीराखण

हे मॅट नाही, कच्चं आहे. तुमची रेसिपी चांगली आहे, पण ती कोन ९-१० ची आहे (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका, त्याच्या नंबराने भाजण्याची पातळी सांगतात), म्हणजे साधारण १२८५ ते १३०० अंशांची. तुम्ही तिला कोन ६ ला भाजताय. तिच्यात ग्लेझ लवकर वितळवणारं बोरॉन नावालाही नाही, त्यामुळे १२२० ला ती अर्धवट वितळते आणि न वितळलेले कण पृष्ठभागावर तसेच राहतात. त्यांच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि भांडं मॅट दिसतं. पण याच खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागात चहा आणि हळद मुरते, आणि लिंबाच्या आम्लाला कणांमधून वाट मिळते.

खरं मॅट वेगळ्या रस्त्याने येतं. ग्लेझ आधी पूर्ण वितळतं, आणि थंड होताना त्यातून डोळ्यांना न दिसणारे बारीक स्फटिक बाहेर पडतात. मॅग्नेशिया जास्त असलेल्या ग्लेझमध्ये डायोप्साइडसारखे, कॅल्शियम जास्त असेल तर व्होलास्टोनाइट किंवा अनॉर्थाइट. खाली काच सलग असते, म्हणून असा पृष्ठभाग हाताला रेशमी लागतो, खडूसारखा नाही.

तपासायचं असेल तर भांड्यावर शाईच्या पेनाने रेघ मारा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. शाई आत शिरली तर पृष्ठभाग उघडा आहे. दुसरी परीक्षा जास्त पक्की: हेच ग्लेझ लावलेली एक टाइल कोणाच्या तरी कोन १० च्या भट्टीत द्या. टाइलखाली बिस्कची वाटी ठेवायला विसरू नका, तुमची माती तिथे फुगेल किंवा बसेल.

आता आकडे. फ्लक्सची (वितळायला मदत करणाऱ्या ऑक्साइडांची) बेरीज १ धरून तुमच्या रेसिपीचं युनिटी सूत्र, म्हणजे ऑक्साइडांचं रेणूंच्या संख्येतलं प्रमाण, असं येतं (खनिजं आदर्श धरून, झिरकॉन सोडून):

पोटॅश ०.२४, कॅल्शिया ०.४३, मॅग्नेशिया ०.३३
अ‍ॅल्युमिना ०.५०
सिलिका १.९७
बोरॉन ०

सिलिका भागिले अ‍ॅल्युमिना साधारण ३.९. आर. टी. स्टल यांनी १९१२ मध्ये पोर्सेलिन ग्लेझचा जो तक्ता छापला, त्यात ५ च्या खालचा पट्टा मॅटचा आणि त्याच्या वरचा चमकदार निघाला. तुमचं ग्लेझ त्या पट्ट्यात अगदी मध्यावर बसतं. रेसिपीत मॅटपणा आहेच, तो उघड व्हायला लागणारी उष्णता तेवढी मिळत नाहीये.

तापमान वाढवून भागणार नाही. १२४० ची माती १२९० ला गेली की ताटल्या वाकतात, आत फुगे येतात. पारदर्शक ग्लेझचा हात मारलात तर दोन्ही थर एकमेकांत मिसळून कुठे चमक, कुठे कोरडं असं चट्ट्याचट्ट्यांचं काहीतरी निघेल. रेसिपीच कोन ६ ची करा. सुरुवात इथून:

बोरॉन फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) २०
पोटॅश फेल्स्पार २५
डोलोमाइट १८
चायना क्ले ३०
क्वार्ट्झ (म्हणजे सिलिका) ७

फ्रिट फेरो ३१३४ च्या जातीचं धरलंय: बोरिक ऑक्साइड २३ टक्के, कॅल्शिया २०, सोडा १०, बाकी सिलिका, अ‍ॅल्युमिना नाही. या मिश्रणात बोरॉन ०.१९, मॅग्नेशिया ०.२८, अ‍ॅल्युमिना ०.४७, सिलिका २.२४ येतं, गुणोत्तर ४.८. कोन ६ ला वितळायला एवढं बोरॉन पुरतं, आणि मॅट राहण्याइतकी अ‍ॅल्युमिनाही शिल्लक राहते.

ही तयार रेसिपी समजू नका. तिचं लाइन ब्लेंड करा: वरच्या १०० भागांत क्वार्ट्झ आणखी ०, ४, ८, १२. गुणोत्तर अनुक्रमे ४.८, ५.२, ५.६, ६.० होतं. चार टाइल एकाच भट्टीत, एकाच शेल्फवर. पहिली जास्त कोरडी वाटेल, शेवटची चमकेल. ताटलीसाठी, चमच्याची रेघ सहज पुसली जाते तिथली पहिली टाइल निवडा. फुलदाणीला त्याच्या आधीचीही चालेल.

चायना क्ले ३० भाग म्हणजे खूप झाला. वाळताना थर आकसतो, बारीक भेगा पडतात आणि भाजताना ग्लेझ त्या भेगांवरूनच मागे सरकतं. तुमच्या कपाच्या कानापाशी तेच होतंय, फक्त तिथे क्ले २५ आहे. उपाय: अर्धा क्ले कॅल्साइन करून, म्हणजे आधी भाजून घाला. बिस्कच्या भांड्यात भरून बिस्कच्या फायरिंगमध्येच ठेवला की झालं. कॅल्साइन करताना सुमारे १४ टक्के वजन पाण्याच्या रूपाने जातं, म्हणून १५ भाग कच्चा आणि १३ भाग कॅल्साइन केलेला. पूर्ण क्ले कॅल्साइन करू नका, नाहीतर ग्लेझ बादलीच्या तळाशी दगडासारखं बसेल.

चाकावरची

कच्चं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण दिसतं अगदी गुळगुळीत. तीन गोष्टी विचारते. इथे मिळणारं फ्रिट नुसत्या नंबरावर विकतात, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. डोलोमाइटऐवजी टाल्क चालेल का, माझ्याकडे ते पडून आहे. आणि माझ्या कंट्रोलरला थंड करण्याचा टप्पा लावता येत नाही, तिथे काय करू?

राख_रेती

फ्रिटचं अ‍ॅनालिसिस लेखी मागा. ठोक विक्रेत्याकडे ते असतंच, किरकोळवाल्याला त्याच्याकडून आणून द्यायला सांगा. दोन गोष्टी बघायच्या: बोरिक ऑक्साइड किती टक्के, आणि शिसं आहे की नाही. शिसं नसल्याचं कागदावर मिळालं नाही तर जेवणाच्या भांड्याला ते फ्रिट लावू नका. बोरॉन २३ ऐवजी १२ टक्के निघालं म्हणून फ्रिट दुप्पट घालून मोकळं होऊ नका. त्या फ्रिटमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिना आणि जास्त सिलिका असते, म्हणजे क्ले आणि क्वार्ट्झ दोन्ही नव्याने मोजावे लागतात.

टाल्क चालेल. डोलोमाइट १८ काढा, टाल्क १२ आणि व्हायटिंग १० घाला, आणि क्वार्ट्झचे ७ पूर्ण वगळा, कारण टाल्कमधून तेवढी सिलिका येतेच. बेरीज ९७ होते, होऊ दे. गुणोत्तर ४.८ च्या जवळच राहतं. डोलोमाइटचं जवळजवळ निम्मं वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडतं. टाल्क आणि व्हायटिंगच्या जोडीत हा वायू निम्मा होतो, त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढी भोकं कमी पडतात. टाल्क पाण्यात पटकन भिजत नाही, वर तरंगतं. आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, मग बाकीच्यात मिसळा.

गाळणं ८० मेशवर एकदा, १०० वर दुसऱ्यांदा. मॅट ग्लेझमध्ये डोलोमाइटचा एखादा खडा राहिला तर तो लपत नाही, पांढरा ठिपका होऊन बसतो. घट्टपणा मोजून ठेवा: १०० मिली ग्लेझ १४२ ते १४५ ग्रॅम भरलं पाहिजे. बिस्कला दोन ते तीन सेकंद बुडवणं पुरे. थर पातळ झाला तर खालच्या मातीतली सिलिका ग्लेझमध्ये ओढली जाते आणि कडा चमकतात. चार ठिकाणी मॅट, कडेला चकाकी अशी तक्रार येते तेव्हा आधी थर बघा, रेसिपी नंतर.

कोरडी पावडर हाताळताना एन-९५ मास्क लावा. सांडलेलं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही.

कोन_सहा

थंड करण्याबद्दल लिहितो, कारण इलेक्ट्रिक भट्टीतलं मॅट बहुतेक वेळा तिथेच बिघडतं.

पातळ भिंतींची छोटी भट्टी १२२० ला बंद केली की पहिले दोनशे-तीनशे अंश फार झपाट्याने उतरते. स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही आणि चांगलं मॅट ग्लेझ अर्धवट चकचकीत निघतं. मग लोक क्ले वाढवत बसतात, ग्लेझ कोरडं होत जातं, आणि शेवटी जिथून सुरुवात केली त्याच खडूवर येऊन पोचतात. रेसिपी एकच, तीच माणसं, पण विटांच्या जाड भट्टीत मॅट आणि छोट्या टेस्ट भट्टीत चकचकीत, हे नेहमीचं आहे. टेस्ट टाइल नेहमी त्याच भट्टीत आणि भरलेल्या शेल्फसोबत भाजा. रिकामी भट्टी भरलेल्यापेक्षा लवकर निवते.

ज्यांना टप्पे लावता येतात त्यांनी हे करून बघावं:

११०० पर्यंत तासाला १५० अंश
१२२० पर्यंत तासाला ६० अंश, वर १५ मिनिटं
भट्टीला आपोआप ११५० ला उतरू द्या, तिथे ३० मिनिटं
८०० पर्यंत तासाला ७० अंश
मग बंद

११५० चा थांबा भोकं भरण्यासाठी आहे: ग्लेझ थोडं घट्ट झालेलं असतं, बुडबुडा फुटला की नवा येत नाही आणि खड्डा भरून निघतो. पुढचा उतार स्फटिकांसाठी. यात एकूण साडेपाच-सहा तास वाढतात, पण उतरताना कॉइल अधूनमधूनच चालू असते, त्यामुळे वीज चढतानाइतकी लागत नाही.

तुमच्या कंट्रोलरवर: मुख्य फायरिंग संपलं की पडद्यावरचा आकडा बघत राहा. १०५० दिसला की लगेच नवा प्रोग्रॅम लावा, लक्ष्य १०००, होल्ड ६० मिनिटं. भट्टी १००० ला येऊन तिथे तासभर थांबेल. सलग उताराइतकं हे चांगलं नाही, पण बंद करून जाण्यापेक्षा पुष्कळ बरं.

आणि आकड्यावर विश्वास ठेवू नका. भट्टीतलं तापमान मोजणारं थर्मोकपल जुनं झालं की १५-२० अंशांनी चुकतं. शेल्फवर कोन ५, ६, ७ शेजारी शेजारी उभे करा. ६ कमानीसारखा पूर्ण वाकलेला आणि ७ जेमतेम कललेला हवा. वरच्या आणि खालच्या शेल्फवर वेगळे.

वाडगा

वर जास्त वेळ होल्ड ठेवला तर मॅट अजून छान येतं ना? ३०-४० मिनिटं?

कोन_सहा

उलटं होतं. वर जास्त थांबलं की ग्लेझ मातीतली सिलिका जास्त खातं, स्फटिक ज्यांच्याभोवती वाढतात ते कणही विरघळतात, आणि चमक वाढते. वर १०-१५ मिनिटं बास. वेळ द्यायचा तो खाली.

भट्टीराखण

एक पुरवणी, कारण वर ५ चा आकडा मीच टाकलाय आणि तो लोक पाठ करतात. स्टल यांचा तक्ता कोन ११ चा, बोरॉन नसलेला, आणि फ्लक्स ठरावीक: पोटॅश ०.३, कॅल्शिया ०.७. आपलं मिश्रण त्यातलं काहीच पाळत नाही. मॅग्नेशिया भरपूर असेल तर गुणोत्तर ६ असतानाही मॅट राहू शकतं. बोरॉन वाढवलं तर ४.८ लाही चमकतं. आकडा दिशा दाखवतो, निकाल टाइलच देते.

राख_रेती

ताटलीवरच्या रेघांबद्दल कोणी बोललं नाही. ग्लेझ पक्कं भाजल्यावरही त्या थोड्या राहतील, आणि याला तुमचं १० टक्के झिरकॉनही जबाबदार आहे. झिरकॉन फार कठीण. त्याचे कण ग्लेझमध्ये विरघळत नाहीत, पृष्ठभागावर कानशीसारखे उभे राहतात. रेघ म्हणजे बहुतेक वेळा ग्लेझवरचा ओरखडा नसतो, चमच्याचं स्टील घासून तिथे बसलेलं असतं. झिरकॉन ५ वर आणा आणि ३ टक्के टिन ऑक्साइड घाला. टिन महाग आहे, पण पांढरा रंग जास्त मऊ येतो आणि रेघा कमी होतात. डोलोमाइट मॅट मुळातच थोडं अपारदर्शक असतं, तेव्हा फिक्या मातीवर काहीच न घालता एक टाइल बघा. गरजच नाही असंही निघेल.

पास-नापास ठरवायला: स्टीलच्या चमच्याची टोकदार कड जोरात फिरवा, मग भांडी घासायच्या पावडरने घासा. रेघ पूर्ण गेली तर ताटली वापरात काढा. हळदीसाठी तेलात कालवलेली हळद रात्रभर ठेवून साबणाने धुवा. आम्लासाठी टाइलचा अर्धा भाग तीन दिवस पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. ओल्या-कोरड्या भागांत रंगाचा किंवा स्पर्शाचा फरक जाणवला तर ते ग्लेझ अन्नाला नको. फरक नाही दिसला म्हणून सगळं सुरक्षित असंही नाही. विकायला काढणार असाल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं आणि कॅडमियमची नेहमीची चाचणी ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्लात २४ तासांची असते.

रंग घालणार असाल तर तांबं नको. मॅट ग्लेझमधून ते चमकदार ग्लेझपेक्षा सहज सुटतं, आणि आपल्याकडे ताटात कोकम, चिंच, ताक असतंच. कोबाल्ट घातलंत तर मॅग्नेशियामुळे निळ्याऐवजी जांभळट येईल, ग्लेझ बिघडलंय असं समजू नका.

मगाला आतून चमकदार आणि बाहेरून मॅट हा सगळ्यात निर्धास्त मार्ग. लोणच्याच्या बरणीला तर दुसरा विचारच करू नका. फक्त दोन्ही ग्लेझचं प्रसरण फार वेगळं नको. मॅग्नेशियावालं कमी प्रसरण पावतं, सोडा-पोटॅश जास्त असलेलं चमकदार ग्लेझ जास्त. तफावत मोठी असेल तर आतल्या ग्लेझला जाळीसारख्या चिरा पडतात, कधी पातळ मग उभा तडकतो. मगात उकळतं पाणी ओतून दोन मिनिटं ठेवा, ते टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवा, असं तीन वेळा. नंतर शाई चोळून पुसा, चिरा असतील तर दिसतील.

वाडगा

बेरियम कार्बोनेट घातलं की झटकन मॅट येतं, एवढा खटाटोप कशाला?

भट्टीराखण

येतं, मखमलीसारखं येतं. पण ती पावडर पोटात गेली तर विष आहे, उंदीर मारायला वापरायचे. भाजल्यावरही असलं ग्लेझ नीट जुळलेलं नसेल तर आम्लात बेरियम सोडतं. ताटली-मगाला बिलकूल नको. त्याच्या जागी ०.७५ पट वजनाचं स्ट्रॉन्शियम कार्बोनेट घाला, म्हणजे १० बेरियमला ७.५. तांब्यासोबतचा तो गर्द बेरियम-निळा मात्र हुबेहूब येणार नाही.

चाकावरची

सगळ्यांचे आभार. लाइन ब्लेंड लावते. जुन्या ग्लेझची अर्धी बादली शिल्लक आहे, ती फेकू का? आणि भाजलेल्या ताटल्यांचं काय?

भट्टीराखण

बादली फेकू नका. जुन्या मिश्रणाच्या कोरड्या १०० भागांत (झिरकॉन सोडून) फ्रिट २५, चायना क्ले १० आणि क्वार्ट्झ १० घाला. बोरॉन ०.१७, अ‍ॅल्युमिना ०.४५, सिलिका २.३३, गुणोत्तर ५.२ येतं. कोन ६ ला हे वितळेल. झिरकॉनही पातळ होऊन ७ टक्क्यांवर येतं.

बादलीत कोरडं किती आहे ते असं काढा: नीट ढवळून बरोबर एक लिटर मोजा, वजन करा. त्यातून १००० वजा करा, उरलेल्याला २.६ ने गुणा, १.६ ने भागा. लिटर १४५० ग्रॅम भरलं तर कोरडं सुमारे ७३० ग्रॅम, त्यातलं झिरकॉन वगळता ६६० च्या आसपास. म्हणजे लिटरमागे फ्रिट १६५, क्ले ६५, क्वार्ट्झ ६५ ग्रॅम. वेगळ्या भांड्यात पाण्यात भिजवून मग बादलीत ओता, पुन्हा गाळा, घट्टपणा मोजा. आधी एक लिटरच करा, टाइल भाजा, मग बाकीची बादली.

ताटल्यांवर हेच सुधारलेलं ग्लेझ चढवून परत भाजता येईल, पण आधी एकच घ्या. ओव्हनमध्ये १०० अंशांपर्यंत गरम करून पातळ स्प्रे करा, थंड भांड्यावर ते धरणार नाही. खालचा थर आधीच जाड असेल तर दुसरा थर गोळा होईल, अशा ताटल्या कुंडीखाली ठेवायला बऱ्या.